मनीची वसुली

मांजर म्हणजे चोरटी जात, हे माझे मत शनिशिंगणापुरात बदलले. शनिदेव चोराला सोडत नाही, या श्रद्धेने तिथल्या घरांना जुन्या रीतीप्रमाणे चौकट असते, कवाड नसते. कुत्री शिरू नयेत म्हणून रात्री फार तर एक फळी आडवी. आत्याचे घरही तसेच. पण तिची मनी चोरी करीतच नाही. ती वसुली करते!

आत्या जेवायला बसली की मनी अंग घासते, घुरघुरते आणि त्या घुरघुरीत एक बारीक, आर्त सूर मिसळते. इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २००९ साली मांजरांच्या अशाच घुरघुरीत तान्ह्या मुलाच्या रडण्याशी जुळणारा सूर सापडला.

"आत्या, ही तुला चक्क फसवते!" मी म्हणालो.

"फसवू दे रे. हे गेल्यापासून एकटीसाठी चूल पेटवावीशीच वाटेना. हिला भाकर लागते म्हणून दोन थापते. एक हिची, एक माझी."

मी गप्प झालो. ताटातला दूध-भाकरीचा काला मुकाट्याने मनीपुढे सरकवला. तिने आभार मानले नाहीत. वसुली करणारे कधी मानतात का?