मुनीम

2007 च्या पावसाळ्यात आमच्या घरी धानाच्या ढोलीमागे एक भाटी व्याली. चार पिलांपैकी तीन कोणी कोणी मागून नेली, एक बोका राहिला. दिवाळीनंतर चुरणं उरकलं की गावाकडून धानाची पोती भंडाऱ्याच्या घरी उतरायची, मापारी अंगणात काटा मांडायचा आणि हे पिलू त्याच्या शेजारी, पायांभोवती शेपूट गुंडाळून, हिशेब तपासायला बसायचं. वडिलांनी नाव ठेवलं मुनीम. 2016 साली तर तो थेट काट्यावरच चढून बसला. मापाऱ्याने आकडा मोठ्याने वाचला, ‘‘मुनीमजी, सव्वापाच किलो!’’

स्वभावाने मुनीम खडूस. उचलायला गेलं की नखं. रात्री कवेलूंवर त्याची भांडणं चालत, सकाळी एखादा कान फाटलेला आणि पावसाळ्यात एक-दोन कवेलू फुटलेले. सुकट भाजायला घेतली की चुलीपासून हटायचा नाही. आई त्याला रोज शिव्या घालायची आणि रोज पहिला घासही त्यालाच द्यायची.

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला. वर मध्य प्रदेशात धरणाचं पाणी सोडलेलं, इथे नदी तुडुंब. आमच्या गल्लीत पाणी शिरायला लागलं तेव्हा जे हाताला लागलं ते घेऊन वरच्या खोलीत गेलो. मुनीमला मी कपडे धुवायच्या टबात ठेवला आणि जिना चढलो. ओरडला नाही, बोचकारलं नाही, टबाच्या तळाशी पोटाखाली पाय घेऊन बसून राहिला. त्या धांदलीतही आई म्हणाली, ‘‘पाय कसा गुमान बसला. शायना झाला माहा मुनीम.’’

ते वाक्य नंतर तीन महिने आमच्या घरात फिरत होतं. ओट्यावर उडी मारत नाही, शहाणा झाला. रात्री भांडायला जात नाही, शहाणा झाला. दूध समोर ठेवलं तरी आधाशासारखा तुटून पडत नाही, वास घेतो आणि बाजूला होतो, वय झालं, शहाणा झाला. पाठीवरचे केस पुंजक्यापुंजक्यांनी उभे राहायला लागले होते. जो प्राणी दिवसाचा बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवतो त्याने अंग चाटणं सोडलं होतं. आम्ही म्हटलं, थंडी पडली, केस फुगले.

एकच गोष्ट आईच्या नजरेतून सुटली नाही. नहाणीजवळ पितळेचं जुनं घंगाळ असतं. दुपारी भरलेलं घंगाळ संध्याकाळी दोन बोटं खाली. ‘‘याले का झाला बाप्पा? दिवसभर पानीच पिऊन राहिला,’’ असं ती दोनदा म्हणाली. मी ऑक्टोबरच्या उन्हावर ढकललं. अंगणात बांधकामाची रेती पडली होती, तिथे त्याचा विधी चाले. सकाळी रेतीत पोह्याच्या ताटलीएवढे ओले गोळे निघत. ते मी दवावर ढकलले.

नोव्हेंबरात धान आलं. मापारी आला, काटा मांडला. मुनीम ढोलीमागून बाहेर आला नाही.

ढोराच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याचा जबडा उघडला आणि मला वाकून बघायला लावलं. हिरड्या पांढुरक्या, जिभेच्या कडेला छाले, आणि तोंडाला लघवीसारखा भपकारा. तो वासही मला आधी आला होता. मेलेला उंदीर खाल्ला असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती झटकन खाली बसली नाही, घडी तशीच राहिली. अंगात पाणी कमी. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. किती दिवस खात नाही? लघवी होते का? बोका सारखा रेतीत जाऊन कुंथतो आणि थेंबही येत नाही, असं तर नाही ना? तसं असेल तर ती बद्धकोष्ठता समजून लोक घरी बसतात आणि बोका दोन-तीन दिवसांत जातो, लघवीची वाट बंद झालेली असते. आणि घरची ताप-दुखीची गोळी दिली का? मी नाही म्हणालो. खरं तर आदल्या रात्री पॅरासिटामॉलची पाव गोळी दुधात कुस्करून ठेवली होती, त्याने तोंड लावलं नाही म्हणून वाचला. माणसाचं यकृत हे औषध जसं पचवतं तसं मांजराचं पचवू शकत नाही, एका गोळीतही मांजर मरतं, हे ऐकताना माझे कान तापले.

रक्त तपासायला त्यांनी नागपूरला पाठवलं. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्यापासून साठेक किलोमीटर. टोपलीवर आईचं जुनं लुगडं बांधलं आणि निघालो. तिथे आधी वजन झालं. तीन किलो शंभर ग्रॅम. मला काट्यावरचा सव्वापाच किलोचा मुनीम आठवला. केस फुगलेले असल्यामुळे खालचा सापळा आम्हाला दिसलाच नव्हता, आणि तेरा वर्षं काट्याशेजारी बसलेल्या जनावराला पुन्हा काट्यावर ठेवावं असं कोणाला सुचलं नव्हतं.

क्रिएटिनिन चांगलंच वाढलेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते साधं होतं. मांजर मूळचं वाळवंटी प्रदेशातलं, थोड्या पाण्यावर निभावणारं, त्याची मूत्रपिंडं लघवी घट्ट करून पाणी वाचवतात. मूत्रपिंडं थकली की लघवी पातळ आणि भरपूर होते, आणि गेलेलं पाणी भरून काढायला ते घंगाळ गाठतं. रक्तातला हा आकडा वर चढतो तोवर मूत्रपिंडांचं सुमारे तीन-चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. म्हणजे आईचं ‘पानीच पिऊन राहिला’ हे रक्ताच्या रिपोर्टच्या आधी आलेलं निदान होतं.

पुढे एकदा वाचनात आलं की 2019 मध्ये कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाच्या मंडळींनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार केली. कानांची ठेवण, डोळे किती मिटलेले, नाकातोंडाचा ताण, मिशा, आणि खांद्यांच्या मानाने डोकं कुठे आहे, अशा पाच खुणा. मोबाइलमध्ये मुनीमचा दिवाळीतला फोटो शोधला. पणत्यांशेजारी बसलेला. कान एकमेकांपासून दूर आणि बाहेर वळलेले, डोळ्यांच्या फटी, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या खाली. तो फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, ‘ध्यानस्थ मुनीम’. सतरा जणांनी हात जोडले होते.

नागपूरहून आल्यावर मुनीम दहा आठवडे जगला. एक दिवसाआड कातडीखाली सलाइन द्यायचं. कॅलेंडरच्या खिळ्याला बाटली टांगायची, मानेमागची सैल कातडी तंबूसारखी उचलायची, सुई आडवी घालायची. पहिल्यांदा माझेच हात कापले. सलाइन पोटाखाली उतरून थोडा वेळ पिशवीसारखं लोंबायचं आणि मुनीम त्या पिशवीसकट ढोलीमागे जायचा. पहिल्या आठवड्यातच त्याने मला बोचकारलं. आईने मनगटावरचं रक्त पाहिलं आणि चेहरा उजळला. ‘‘आता बरा हाय,’’ ती म्हणाली. त्या दिवशी त्याने सुकटीचे दोन तुकडेही खाल्ले. शहाणा हा शब्द मात्र तिने पुन्हा काढला नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो ढोलीमागेच गेलेला सापडला. परसातल्या सीताफळाखाली पुरला.

आता घरात एक तिरंगी भाटी आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तिला पिशवीत घालून ताणकाट्याला अडकवतो, ती आतून फिस्कारते, आणि आई चष्मा लावून आकडा वाचते व कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने लिहिते. गेल्या महिन्यात शंभर ग्रॅम कमी भरले तर तिने मला ते तीनदा मोजायला लावले.