जपाकुसुमाचा शेजार

दर्शनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जास्वंद प्रथम भेटते ती दृष्टान्तात. स्फटिकाजवळ जपाकुसुम ठेवले की स्फटिक तांबडा भासतो; फूल दूर केले की तो पूर्ववत् स्वच्छ. सांख्य आणि वेदान्त या दोन्ही परंपरांत उपाधीची कल्पना समजावण्यासाठी हा दृष्टान्त येतो. काव्यातही तिचा मान कमी नाही. 'मेघदूता'तील यक्ष मेघाला सुचवतो, की उज्जयिनीस महाकालाच्या नृत्यसमयी तू ताज्या जपापुष्पासारखी सायंकाळची लाली अंगावर घे. दोन्ही ठिकाणी या फुलाचे काम एकच: आपला रंग शेजाऱ्याला देणे.

पारोळ्यात जास्वंद वाढवताना मात्र दृष्टान्तापूर्वी मातीचा विचार करावा लागतो. आमचे घर गावाच्या कडेला. कुंपणापलीकडे कपाशीचे वावर. येथील काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून खड्ड्यात वाळू आणि कुजलेले शेणखत घालून, पावसाच्या तोंडाशी पेन्सिलीएवढ्या जाडीचे वीतभर छाट आम्ही लावले. छाटच लावावे लागतात, कारण आपल्या परसातील लाल जास्वंद सहसा बी धरत नाही. लिनीअसने 1753 साली तिला 'चीनचा गुलाब' अशा अर्थाचे नाव दिले. परंतु ती मूळची रानात कोठे उगवत होती, हे आजही कोणी नेमके दाखवू शकत नाही. माणसाने माणसाला फांदी द्यावी, एवढ्यावरच ती शतकानुशतके जगत आली आहे. मातीत चुना अधिक असल्याने तिची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की कळ्या उमलण्याआधीच गळतात. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो, त्या वर्षी भांडी विसळलेले पाणी हाच तिचा आधार. एवढे करून मिळते ते एका दिवसाचे, गंधहीन फूल. तरीही चतुर्थीच्या पहाटे शेजारच्या बाया परडी घेऊन दारात उभ्या असतात, आणि 'इतके पाणी या झाडाला कशासाठी?' हा प्रश्न त्या दिवसापुरता मागे पडतो.

या प्रश्नाचे खरे रूप आम्हांला निराळ्याच दिशेने दिसले. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कपाशी ही सारी एकाच कुळातली. कपाशीचे फूल जवळून पाहावे: पुंकेसरांची तीच नळी, पाकळ्यांची तीच मुरड. फरक एवढाच, की पहिल्या दिवशी फिकट असलेले ते फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे त्याचे बोंड धरते. आमच्या फुलाच्या मागे काहीच उरत नाही. परंतु कुळ एक, म्हणून वैरीही एक. 2006-07च्या सुमारास कपाशीवर पिठ्या ढेकणाने कहर केला, तेव्हापासून खानदेशातला शेतकरी पांढरा कापूस आणि पांढरी कीड यांच्याकडे सारख्याच बारकाईने पाहतो. एका श्रावणात पलीकडच्या वावराचे मालक, ज्यांना सारी आळी आप्पा म्हणते, कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "सर, हाई झाड काढी टाका. हाईच किड मन्हा वावरमा जास." आवाजात राग नव्हता. वर्षाची कमाई कुंपणापलीकडे उभी असलेल्या माणसाची ती विनंती होती.

आमच्यातील अध्यापक येथे दृष्टान्ताचा आश्रय घेऊ पाहत होता. स्फटिक मुळात तांबडा होत नाही. लाली केवळ भासते. पण शेतात भास चालत नाही. कीड खरोखरच मुंग्यांच्या आधाराने फांदीवरून फांदीवर, वाऱ्याबरोबर वावरात जाते. शेजाऱ्याचा रंग शेजाऱ्याला येथे प्रत्यक्ष लागतो. दुसरी बाजूही तितकीच खरी होती. आमच्या फांद्यांवरचे कित्येक ढेकूण तपकिरी आणि कडक झालेले होते. प्रत्येकाच्या आत एका चिमुकल्या परोपजीवी माशीची अळी वाढत होती. 2009 साली भारतातूनच शास्त्रीय वर्णन झालेली 'एनासियस' ही माशी या किडीला आवर घालणारी मोठी मदतनीस ठरली आहे. म्हणजे ज्या झाडावर रोग होता, त्याच झाडावर उताराही वाढत होता. आप्पांना आम्ही तो तपकिरी ढेकूण तळहातावर घेऊन दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "तेबी खरं शे." मात्र कपाशीकडे पाहत ते उभेच राहिले.

शेवटी वावराच्या अंगाची सात झाडे आम्ही काढली. मोरीजवळचे एक ठेवले. त्यावर दर आठवड्याला नजर फिरते, पांढरे दिसले की फांदी छाटली जाते, क्वचित पाच टक्के निंबोळी अर्क फवारला जातो; तपकिरी ढेकूण मात्र तसेच राहू दिले जातात. सातांचा मोह एकावर आला, याचे दुःख नाही असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु सौंदर्याच्या निरुपयोगीपणाची थोरवी वर्गात सांगताना आता आम्ही थोडे थांबतो. निरुपयोगी वस्तूलाही शेजार असतो, आणि त्या शेजाराचे देणे कोणी तरी भरत असते. एका झाडाची फुले चतुर्थीला पुरतात. त्यांतली दोन आप्पांच्या घरी जातात.