लांबची वाट

आम्हा बेळगावकरांना अंतर किलोमीटरमध्ये सांगायची सवय नाही. धारवाड किती लांब? दीड तास. कोल्हापूर? दोन तास. लेक सॅन फ्रान्सिस्कोला गेली, तेव्हाही मी एवढंच विचारलं होतं, "किती तास?"

२०१६ साली तिचं पहिलं बाळंतपण होतं. "आई, लवकर ये," असा तिचा धोशा. पण दसऱ्यानंतर ह्यांचं वर्षश्राद्ध होतं. ते उरकून २५ ऑक्टोबरच्या पहाटेचं दिल्लीहून तिकीट काढलं. दिवस भरायला तीन आठवडे होते.

भाचा म्हणाला, "मावशी, एअर इंडियाचं हे विमान याच महिन्यापासून पॅसिफिकवरून जायला लागलंय. अटलांटिकवरून साधारण १३,९०० किलोमीटर, इकडून १५,३००." मी चिडलेच. "लेक वाट बघतेय आणि मला लांबच्या वाटेने पाठवतोस?" तो हसला. "अगं, उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेला धावतो. अटलांटिकवरून जाताना तो तोंडावर येतो, इकडून पाठीवर. दोनेक तास आधीच पोचशील." मला चोर्ला घाट आठवला. जवळचा खरा, पण रस्ता बिघडला की लांबून गेलेला आधी पोचतो. मग पटलं.

गोव्याहून दिल्लीला उतरले, तोच जावयांचा फोन. कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात नेत होते. माझ्या हातापायातलं बळच गेलं. विमानात बसल्यावर फोन बंद. साडेचौदा तास! समोरच्या पडद्यावर विमानाचं चिमुकलं चित्र समुद्रावरून सरकत होतं. जप करत मी ते बघत राहिले. मागून वारा ढकलतोय, हाच काय तो दिलासा. श्राद्धापायी लेकीला एकटं पाडलं, हे मात्र मनातून जाईना.

पोचले तेव्हा तिथेही २५ तारखेची पहाटच होती. जावई म्हणाले, "आई, मुलगी झाली. काल रात्री दहाला. दोघी सुखरूप." काल रात्री? तेव्हा तर मी दिल्लीत होते! मग हिशेब लागला. वाटेत वाररेषा ओलांडली, की तारीख एक दिवस मागे जाते. तिथल्या २४ च्या रात्री दहाला आपल्याकडे २५ ची सकाळ, साडेदहा. मी तेव्हा आकाशात, निम्म्या वाटेवर.

दवाखान्यात लेकीचा हात धरून म्हटलं, "उशीर झाला गं मला." ती म्हणाली, "बाबांचं सगळं नीट झालं ना?" आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं.

नातीचा वाढदिवस तिकडे २४ ला होतो. मी २५ ला सकाळी साडेदहाला निरांजन लावते. तेवढ्यात लेकीचा फोन येतोच. तिच्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. तेवढ्यापुरतं आमच्यात अंतर नसतं.