कपारीचा दानलेख

देवळाली कॅम्पात वाढलेल्या कानांना तोफ शिकवावी लागत नाही. रेंजवर सराव सुरू झाला की तावदानं थरथरतात आणि चहा पिणारा माणूस चहा पीतच राहतो. सुरुंगाचं वेगळं. सारूळच्या बाजूच्या खाणीत सुरुंग उडाला की तो आधी तळपायाला कळतो, कानाला मागाहून.

त्या बाजूच्या एका सोंडेवर कपार होती. नाव नसलेली. काळ्या कातळाचा जरा पुढे आलेला ओठ, खाली लेंड्यांनी मऊ झालेली माती, तीन दगडांची चूल, धुरानं काजळलेलं छत. आषाढात आडवा पाऊस झोडपू लागला की गुराखी, शेळ्या आणि आम्ही भटके, सगळे तिच्या पोटात. कुणी कुणाला गाव विचारत नसे.

तिथून पांडवलेणीचा शंकूसारखा डोंगर दिसायचा. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरवून गेला आहे: गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणांची ठेव, त्यातल्या २००० च्या व्याजातून इथे वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. लेणं दिलं चारी दिशांच्या संघाला. डोंगर पोखरणाऱ्यानं आत येणाऱ्याच्या अंगावरच्या कापडाचीही तजवीज केली होती.

परवा कपारीकडे गेलो. सोंडच नव्हती. छताच्या जागी आभाळ, खाली उभी कापलेली भिंत, तळाशी साचलेलं हिरवं पाणी. करवंदीच्या पानांवर क्रशरची पांढुरकी धूळ. कपार खडी होऊन कुठल्या रस्त्यात गेली, कुणाच्या स्लॅबमध्ये गेली, कोण सांगणार? माझ्याच घराच्या छतात तिचा तुकडा नसेल, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

कातळ दोन्हीकडे फुटला. तिथे छिन्नीनं पोकळी राखली आणि दगड टाकून दिला. इथे दगड नेला आणि पोकळी टाकून दिली.

लेण्यातला लेख पुरातत्त्व खातं सांभाळतं. कपारीचा लेख कुणी कोरलाच नाही, म्हणून हा माझा:

इथे २० भिक्षू मावत नसत. चार माणसं, सात शेळ्या, एक भिजलेलं कुत्रं, एवढंच. ठेव नव्हती, व्याज नव्हतं. पावसाळाभर कोरडी जागा, चारी दिशांच्या संघास.