भट्टीविना पाव

गेल्या दिवाळीपासून आमच्या स्वयंपाकघरात एक चौकोनी यंत्र येऊन बसलंय. डिहायड्रेटर. छोट्या मायक्रोवेव्हएवढं, आत जाळीचे सहा ट्रे, मागे पंखा. आजी त्याला 'वाळवणाचं कपाट' म्हणते, आणि खरं सांगायचं तर याहून चांगलं नाव मला सुचलेलं नाही.

ते आणलं माझ्या धाकट्या बहिणीने. नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि दोन वर्षांत तिचं आधी दूध-तूप सुटलं, मग शिजवलेलं अन्नही जवळजवळ सुटलं. पुरणपोळीवर तूप नको, इथपर्यंत आजीने चालवून घेतलं. पुरणपोळीच नको, म्हटल्यावर मात्र ती गप्प झाली. 82 वर्षांची बाई, आयुष्यभर लोकांना आग्रह करकरून वाढलं, आणि स्वतःच्याच नातीच्या ताटात काय घालावं हे कळेना. धाकटी तिची काकडी-गाजरं घेऊन खोलीत जायची आणि आम्ही बाकीचे टेबलावर उगाचच हळू आवाजात बोलायचो. तिचं वजन उतरलं होतं. आईने हट्टाने रक्त तपासून घेतलं, तर बी-12 कमी निघालं. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही, त्यामुळे आता गोळी सुरू आहे. गोळीवरून तिने वाद घातला नाही, हे तिचं शहाणपण.

तर हा पाव. परदेशात मोड आलेल्या गव्हाच्या अशा पावाला 'एसीन ब्रेड' म्हणतात, एका प्राचीन ज्यू पंथाच्या नावावरून. यात ना यीस्ट, ना भट्टी. गहू रात्रभर भिजवायचे, निथळून फडक्यात बांधायचे, आणि मोड दाण्याएवढा झाला की थांबायचं. मोड फुटताना दाण्यातल्या पिठाची थोडी साखर होते, म्हणून काही न घालताही पावाला गोडसर चव येते. मग गहू भरड वाटायचे. दोन वाट्या गव्हाला अर्धी वाटी जवसाची पूड पाण्यात भिजवून घालायची. जवस ओलं झालं की बुळबुळीत होतं आणि तेच सगळं धरून ठेवतं. किसलेलं गाजर, कांदा, मीठ, जिरं, ओवा. कागदावर पाव बोटभर जाडीने थापायचं आणि ट्रेमध्ये सरकवायचं.

गहू आम्ही भालिया घेतो. भाल प्रदेशात जमिनीतल्या ओलीवर, पाणी न देता पिकणारा हा कडक गहू. 2011 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण आजी मानांकनावर जात नाही, दाणा दाताखाली फोडून बघते.

कच्चं खाणाऱ्यांचा नियम असा की अन्न साधारण 46-48 अंशांच्या वर तापू द्यायचं नाही, नाहीतर त्यातली एन्झाइम्स मरतात. हे मला पटत नाही. ती एन्झाइम्स पोटातल्या आम्लात तशीही फारशी टिकत नाहीत. भिजवण्या-मोडवण्याचा फायदा मात्र खरा आहे. धान्यातलं लोह आणि जस्त अंगी लागण्यात अडथळा आणणारं फायटिक आम्ल त्याने कमी होतं. मोडाची उसळ खाणाऱ्यांना मोडाची थोरवी वेगळी सांगायला नको. (त्यावरची तर्री आणि पाव या हिशेबात धरू नका.)

पहिला पाव आंबला. वरून कडक, आत गिच्च. धाकटीने तो जाड थापला होता आणि रात्रभर 42 अंशांवर ठेवला होता. आजीने एक तुकडा मोडला, हुंगला आणि म्हणाली, "अगं, हा तर कुरडईचा चीक. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा वास मला ओळखू येणार नाही होय? चांदकी थापावी तसा पातळ थाप. आणि सुरुवातीला ऊन कडक लागतं, वाळवण दहाच्या आत गच्चीवर जायला हवं, चारला नव्हे."

गंमत म्हणजे शास्त्रही तेच सांगतं. ओलं, कोमट पीठ म्हणजे जंतूंची चंगळ. साधारण 5 ते 60 अंशांमध्ये ते भराभर वाढतात. म्हणून पहिला तासभर यंत्र 60 अंशांच्या पुढे ठेवायचं. पाणी उडून जाताना पीठ स्वतः गारच राहतं, त्यामुळे धाकटीचा नियमही फारसा मोडत नाही. मग 46 वर आणायचं, पाचेक तासांनी उलटायचं, एकूण दहा-बारा तास. 400 वॅटचं यंत्र बारा तास सलग चाललं तर 4.8 युनिट वीज लागते. बाबांनी हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवलाय.

खरं तर मे महिन्यात बडोद्यात पारा 40-42 ला जातो, तेव्हा यंत्र कशाला? दांडिया बाजारातल्या जुन्या घरी गच्चीवर आजीचे सांडगे, पापड, कुरडया अशाच वाळायच्या, आणि कावळे हाकलायचं काम आम्हा दोघी बहिणींकडे असायचं. आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, गच्चीला कुलूप असतं, आणि आजीच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत. सहा वर्षं झाली, घरात वाळवण झालं नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात धाकटी आठ दिवस आली होती. दोघी स्वयंपाकघरात खुर्च्या टाकून बसल्या. वरच्या तीन ट्रेमध्ये पाव, खालच्या तीनमध्ये मुगाच्या डाळीचे सांडगे. सांडग्यांचं वाटण कच्चंच असतं, हे आजीने तिला दोनदा ऐकवलं. सांडगे तळायचे असतात, हे धाकटीने एकदाच ऐकवलं.

तयार पाव खाखऱ्यापेक्षा जरा मऊ, थोडा चिवट होतो. शेंगदाण्याची चटणी आणि टोमॅटोची चकती ठेवून धाकटी तो तसाच खाते. मोडाचं कच्चं धान्य वयस्कर माणसांनी आणि गरोदर बायकांनी टाळावं म्हणतात, म्हणून आजीचा तुकडा आम्ही तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजतो. मग त्यावर ती तूप घालते, चांगलं चमचाभर. "आता हा कच्चाही नाही आणि व्हीगनही नाही," धाकटी म्हणाली.

"पण पाव तूच केलायस ना?" आजी म्हणाली, आणि दुसरा तुकडा मागितला.