रवा, गूळ आणि चिलटं

100 ग्रॅम रवा, 100 ग्रॅम गूळ, 10 ग्रॅम अगर, एक लिटर पाणी. उकळून दाट झालं की बुरशी धरू नये म्हणून साडेसात मिलीलिटर प्रोपिऑनिक आम्ल. परदेशी पुस्तकांत ड्रोसोफिला माशीच्या खाद्यात बहुधा मक्याचं पीठ असतं. म्हैसूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागानं मात्र रवा-गूळ पसंत केला आणि तिथून निघालेल्या कितीतरी शोधनिबंधांत हीच पाककृती छापलेली सापडते. आम्ल पडेपर्यंत वास थेट शिऱ्याचा. मी गडहिंग्लजची. गूळ बघून बरावाईट सांगता येणं ही माझी प्रयोगशाळेतली पहिली पात्रता ठरली.

2016 साली शिवाजी विद्यापीठाची एम.एस्सी. आणि सीएसआयआर-नेटची जेआरएफ घेऊन मी इथं आले, तेव्हा म्हैसूर विद्यापीठाची शताब्दी चालू होती. केळी जास्त पिकली की भोवती जी चिलटं जमतात, त्यांच्यावर संशोधन करणार म्हटल्यावर आत्यानं कपाळाला हात लावला. "मारायची सोडून चिलटं पाळायला म्हैसूरला चाललीस?" आप्पांचा प्रश्न जास्त अवघड होता. "पंचवीस हजार देत्यात ते बरंय. पण पुढं पर्मनंट करत्यात का?"

करत नाहीत. फेलोशिप म्हणजे नोकरी नव्हे. पहिली दोन वर्षं जेआरएफ, मग कामाचा आढावा घेऊन एसआरएफ, सगळी मिळून पाच वर्षं. रक्कम वाढत जाते: जेआरएफचे 25,000 रुपये 2019 मध्ये 31,000 झाले आणि 2023 पासून 37,000 आहेत. पीएफ नाही, हुद्दा नाही. पाच वर्षं संपली की विद्यापीठाशी नातं ग्रंथालयाचं 'नो ड्यूज' घेण्यापुरतं उरतं. हे आप्पांना सांगायला मला बराच काळ लागला.

मानसगंगोत्री हा आमचा परिसर. नाव कन्नड कवी कुवेंपूंनी दिलेलं, शेजारी कुक्करहळ्ळीचं तळं. तळ्यावरचे पक्षी बघायला येणाऱ्यांचा मला हेवा वाटे, कारण ते येत त्या वेळी मी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असे. संकरासाठी कुमारी माद्या लागतात. कोषातून बाहेर पडल्यावर आठेक तासांच्या आत मादी वेगळी काढली नाही तर ती कुठल्या नराची पिल्लं देणार याचा भरवसा राहत नाही. आणि माश्या बाहेर पडतात त्या मुख्यतः पहाटे. हे पहाटेचं घड्याळ त्यांच्या जनुकांत असतं. ते कसं चालतं हे माशीवरच शोधणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना 2017 मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा विभागात पेढे वाटावेत असा माझा प्रस्ताव होता. तो कुणी मनावर घेतला नाही.

इथल्या ड्रोसोफिला स्टॉक सेंटरबद्दल मात्र थोडं विस्तारानं सांगायला हवं. जिवाणू गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतात. माशीचा वाण जिवंतच सांभाळावा लागतो. दर दोन-तीन आठवड्यांनी जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत, लेबल न चुकता. दिवाळी असो, दसरा असो. म्हैसूरचा दसरा बघायला जग येतं, आम्ही बाटल्या बदलून मग जंबूसवारीला पळायचो. याच परंपरेतून प्रा. एच. ए. रंगनाथ आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात एक विलक्षण काम पुढं आणलं. नासुता ही आठ गुणसूत्रांची माशी आणि अल्बोमिकन्स ही सहा गुणसूत्रांची. त्यांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवून प्रयोगशाळेतच नवे वंश स्थिरावले. उत्क्रांती बाटलीत घडताना बघायची म्हणजे आधी कुणीतरी न कंटाळता बाटल्या बदलायला हव्यात. रंगनाथ पुढं नॅकचे संचालक झाले. माश्यांकडून विद्यापीठांच्या मूल्यांकनाकडे जाण्याचाही रस्ता असतो तर, असं आम्ही चहा पिताना म्हणायचो.

बाकीच्यांचे रस्ते इतके उंच नव्हते. आमच्या गटातला एकजण गुणसूत्रांच्या स्लाइड्स करण्यात तरबेज होता. आज तो बंगळुरूच्या एका निदान प्रयोगशाळेत गर्भवतींच्या तपासण्यांचे कॅरिओटाइप लावतो. एक मैत्रीण आयव्हीएफ केंद्रात एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. कायम प्राध्यापक होण्याचं स्वप्न जवळजवळ सगळ्यांचं होतं, जागा हाताच्या बोटांवर. माझं स्पष्ट मत आहे की हे पीएच.डी.च्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला सांगावं. त्यानं कुणी पळून जाणार नाही. उलट शेजारी काय चाललंय ते बघायला लोक लवकर बाहेर पडतील.

आणि शेजार काय आहे! 1950 पासून सीएफटीआरआय ही अन्न तंत्रज्ञानाची संशोधन संस्था. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांसाठी भुकटी करण्याचं तंत्र तिथं निघालं, ते अमूलनं घरोघरी पोचवलं. सैनिकांच्या तयार जेवणावर काम करणारी डीएफआरएल 1961 पासून. मानंदवाडी रोडला केंद्रीय रेशीम संशोधन संस्था. एवढ्याशा शहरात या सगळ्या, सगळीकडे कुणाचा तरी सीनियर, आणि सेमिनारला गेलं तर दारात कुणी अडवत नाही. या संस्थांना माणूस हवा असतो तो ठरलेल्या कामासाठी. तुम्हाला काय जमेल हे तुम्हालाच माहीत नसताना आत घेणारी जागा या शहरात एकच, ती म्हणजे विद्यापीठ.

माझं जमलं ते रेशमात. अशाच एका सेमिनारमध्ये रेशीमकिड्यांच्या पेब्रिन रोगाबद्दल ऐकलं. हा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो, म्हणून अंडी घातल्यावर मादी पतंग वाटून त्यात रोगाचे बीजाणू आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पाश्चरनं 1860च्या दशकात घालून दिलेली पद्धत. आईची तपासणी, मग संततीचा निर्णय. मी पाच वर्षं दुसरं काय केलं होतं? पीएच.डी. झाल्यावर दोनेक वर्षं अतिथी अध्यापक म्हणून तासाच्या हिशेबानं शिकवलं. आता म्हैसूरच्याच एका खासगी अंडीपुंज केंद्रात गुणवत्ता बघते. पतंग तपासण्याइतकाच वेळ फोनवर जातो. आमचे बरेच शेतकरी बीड-जालन्याकडचे आहेत. जालन्याला 2018 मध्ये कोष बाजार सुरू झाला, तरी चांगल्या भावासाठी गाडी भरून थेट रामनगरला येणारे आहेतच. "मॅडम, चॉकीतल्या अळ्या पाला खाईनात," असा फोन सकाळी सकाळी येतो तेव्हा मराठी, कन्नड आणि आनुवंशशास्त्र तिन्ही एकदम लागतात. नेमणूक कराराची आहे, दर वर्षी वाढते. आप्पांना मी 'कंपनीत' असं सांगितलंय. त्यांचं त्यावर भागलंय.

मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या एका मुलीचा फोन आला. नुकतीच नेट झालेली. तिला चिलटांत रस नाही, कॅन्सरवर काम करायचंय. म्हटलं, गाठ कशी वाढते हे कमी पैशांत आणि दहा दिवसांच्या पिढीत बघायचं असेल तर चिलटांच्याच लॅबमध्ये जा. दहा प्राध्यापकांना एकच मेल पाठवू नकोस. दोघांनाच लिही, पण आधी त्यांचे शोधनिबंध वाच. लॅबमधून पीएच.डी. झालेले लोक सध्या कुठं काम करतात, हे आवर्जून विचार. उत्तर द्यायला जे कचरतील तिथं जाऊ नकोस. कन्नड आत्तापासून शीक, निदान "ऊट आयता?" म्हणजे 'जेवण झालं का?' एवढं तरी.

तिनं सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं, "ताई, मेसमध्ये चपाती मिळते का?"

मिळते, म्हटलं, पण भाताची सवय लावून ये.