नखाएवढा तुकडा

धाराशिवकडे ज्वारीची भाकरी म्हणजे घरोघरचे सुख. परंतु एखाद्या स्वमग्न बालकाला तिचा खरखरीत स्पर्शही सोसवत नाही. मऊ भातावाचून ते कशासही शिवत नाही. लोक त्याला हट्टी म्हणतात, तेव्हा आईचे डोळे भरून येतात.

वस्तुतः तो हट्ट नव्हे. स्वमग्नतेत मेंदूची घडणच निराळी असते. चव, वास व स्पर्श पुष्कळदा फार तीव्र जाणवतात. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ सालीच अशा मुलांच्या खाण्याच्या अडचणी नोंदविल्या होत्या.

शहाणी आई बळजबरी करीत नाही. भाताशेजारी ती भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवते. बालकाने आज तो नुसता पाहावा, उद्या हाती घ्यावा, पुढे हुंगावा. कित्येक दिवस तुकडा तसाच उरतो. एके दिवशी तो ओठांस लागतो. पंक्तीतील सवंगडी त्या वेळी हसले नाहीत, तर त्या घासाचे पुण्य त्यांनाही लाभते.